ओळख कुणाच्या तोंडून?

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला पोहोचेपर्यंत महाराष्ट्रातल्या बहुतेक अभियांत्रिकी, व्यवस्थापन किंवा विधी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांच्या कानांवर एक उपदेश पुन्हा पुन्हा पडलेला असतो: आपली व्यावसायिक ओळख आत्तापासून घडवा आणि ती नीट मांडा. टीपीओ, म्हणजे महाविद्यालयाचे प्लेसमेंट अधिकारी, हेच सांगतात, सीनियर हेच सांगतात, यूट्यूबवरचे मार्गदर्शकही हेच सांगतात. लिंक्डइनवर प्रोफाइल उघडा, शिकलेल्या प्रत्येक गोष्टीची पोस्ट टाका, गिटहब या संगणकीय संहितेच्या संकेतस्थळावरचे रोजच्या कामाचे हिरवे चौकोन भरत राहा, सर्टिफिकेटे जमवा. या उपदेशात तथ्य किती आहे, तो कुणाला लागू पडतो आणि कुणाला अडवतो, याचा विचार मात्र फारसा होताना दिसत नाही. ओळख घडवणे आणि ओळख मांडणे ही दोन वेगळी कामे आहेत. उपदेशात ती एकाच दमात येतात, आणि प्रत्यक्षात पहिल्यासाठी लागणारा वेळ दुसरे काम खाऊन टाकते. उपलब्ध संशोधन आणि गेल्या काही वर्षांतल्या घडामोडी पाहिल्या की मला एक गोष्ट ठळकपणे दिसते. विद्यार्थ्याने स्वतःबद्दल किती आणि किती चांगले सांगितले याला फार मर्यादित किंमत आहे. त्याचे काम तपासलेल्या, वापरलेल्या किंवा नाकारण्याचा अधिकार असलेल्या त्रयस्थ माणसाने त्याच्याबद्दल काय सांगितले, यावर त्याची ओळख उभी राहते. असे साक्षीदार काहींना घरातूनच मिळतात आणि बहुतेकांना मिळत नाहीत. त्यामुळे हा प्रश्न विद्यार्थ्याइतकाच त्याच्या महाविद्यालयाचाही आहे.

विद्यार्थिदशेत व्यावसायिक ओळख मिळवण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ साली पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली, आणि पुढे नावाजलेल्या कितीतरी नट-दिग्दर्शकांचे नाव नाट्यक्षेत्रात पहिल्यांदा घेतले गेले ते या स्पर्धेमुळे. तिथे ओळख कशी तयार होत होती हे बघण्यासारखे आहे. विद्यार्थी महिनोन्‌महिने तालमी करत, जाणकार परीक्षकांसमोर प्रयोग करत, आणि मग इतर लोक त्यांच्याविषयी बोलत. जे. जे. कला महाविद्यालयातला विद्यार्थी आपल्या कामांचा संच घेऊन जाहिरात संस्थेत जायचा तेव्हाही समोरचा माणूस बोलण्याआधी चित्रे पाहायचा. विधी शाखेत ज्येष्ठ वकिलाच्या चेंबरमध्ये केलेली उमेदवारी हेच काम करत असे. या सगळ्या वाटा अरुंद होत्या, शहरी होत्या आणि बऱ्याच अंशी वरच्या जातींच्या ताब्यात होत्या, हे विसरून त्यांचे गोडवे गाता येणार नाहीत. तरी एक सूत्र त्यांत समान होते: ओळख दुसऱ्याच्या तोंडून पुढे जात होती.

हे सूत्र उलटे फिरले ते गेल्या तीस वर्षांत. अमेरिकी व्यवस्थापन लेखक टॉम पीटर्स यांनी १९९७ साली ‘फास्ट कंपनी’ या मासिकात लेख लिहून प्रत्येक नोकरदाराने स्वतःकडे एक ब्रँड म्हणून पाहावे असे सुचवले. तेव्हाच्या अमेरिकेत आयुष्यभराच्या नोकरीची हमी संपत चालली होती, आणि अनुभवी नोकरदाराला दिलेला तो सल्ला होता. ज्याच्याकडे वीस वर्षांचे काम आहे त्याने ते लपवून ठेवू नये, इतपत तो समजण्यासारखाही होता. २००३ साली लिंक्डइन सुरू झाले, २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते २६ अब्ज डॉलरहून अधिक रकमेला विकत घेतले, आणि आज भारतातली त्याची सदस्यसंख्या १० कोटींच्या वर आहे. या प्रवासात अनुभवी माणसासाठी असलेला सल्ला अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलामुलींपर्यंत जसाच्या तसा आला. दाखवण्याजोगे काम अजून व्हायचे आहे अशा माणसाला दाखवण्याची सक्ती झाली की तो काय करेल? तो कामाच्या खुणा गोळा करेल. इथून पुढचा सगळा गोंधळ या एका गोष्टीतून निघतो.

खुणांना किंमत केव्हा असते, याचे सर्वांत स्वच्छ उत्तर अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली दिले; त्या आणि त्याला लागून असलेल्या कामासाठी त्यांना २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. नोकरी देणाऱ्याला उमेदवाराची कुवत थेट दिसत नाही, म्हणून तो पदवीसारख्या खुणेवरून अंदाज बांधतो. पण ही खूण उपयोगी ठरण्यासाठी एक अट आहे. ती मिळवणे कुवत असलेल्याला तुलनेने सोपे आणि नसलेल्याला महाग पडले पाहिजे. दोघांनाही ती सारख्याच कष्टात मिळू लागली की तिच्यावरून काहीच कळत नाही. खूण सगळ्यांकडे आहे म्हणून तिचा फायदा नाही, आणि आपल्याकडे नसली तर मात्र तोटा होतो. विद्यार्थी मग फायद्यासाठी नव्हे, तोटा टाळण्यासाठी खुणा जमवत राहतात. आज रेझ्युमेवर दिसणाऱ्या बहुतेक ओळींची हीच अवस्था आहे.

२०२० च्या टाळेबंदीत महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांनी जे ऑनलाइन वेबिनार आणि प्रश्नमंजूषा घेतल्या त्या आठवून पाहा. गूगल फॉर्मवर दहा-वीस प्रश्नांची उत्तरे दिली की ई-मेलवर सर्टिफिकेट हजर. काही आठवड्यांत विद्यार्थ्यांकडे आणि प्राध्यापकांकडेही त्यांचा ढीग साचला. महाविद्यालयांना मूल्यांकनासाठी उपक्रमांचे पुरावे हवे होते, विद्यार्थ्यांना रेझ्युमेवर ओळी हव्या होत्या, आणि दोघांची गरज एकाच कागदाने भागत होती. शोधनिबंधांचेही तेच झाले. पदवीच्या पातळीवरच निबंध प्रसिद्ध झालेला असावा अशी अपेक्षा वाढली तशी पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके वाढली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, विद्यापीठांच्या शिफारशीवरून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) मान्यताप्राप्त यादीत आलेली नियतकालिके तपासली. त्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असावीत असा निष्कर्ष निघाला. अनेकांचे पत्ते, संपादक, क्रमांक असली प्राथमिक माहितीदेखील अपुरी किंवा खोटी होती. खुद्द विद्यापीठांनी पुढे केलेल्या यादीची ही स्थिती असेल, तर तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने हजार-दोन हजार रुपये भरून छापून आणलेल्या निबंधावरून त्याची जिज्ञासा कशी कळावी? पैसे घेऊन इंटर्नशिपचे सर्टिफिकेट देणाऱ्या ऑनलाइन दुकानांविषयी वेगळे सांगायला नको. वाईट वाटते ते याचे की यात भरडली जाणारी मुले बहुतेक वेळा प्रामाणिक असतात. नियम पाळले की फळ मिळेल असे त्यांना सांगितलेले असते.

दिखाऊ कामाचा भुर्दंड कधी कधी तिसऱ्याच माणसावर पडतो, आणि त्याची दोन उदाहरणे थोडी तपशिलात पाहण्यासारखी आहेत. मुक्त स्रोत सॉफ्टवेअर म्हणजे ज्याची संहिता कुणालाही वाचता, वापरता आणि सुधारता येते असे सॉफ्टवेअर. डिजिटलओशन ही कंपनी २०१४ पासून दर ऑक्टोबरात ‘हॅकटोबरफेस्ट’ नावाचा उपक्रम चालवते. अशा प्रकल्पांना चार सुधारणा सुचवा आणि टी-शर्ट मिळवा, अशी त्यातली योजना होती. २०२० मध्ये एका भारतीय यूट्यूब चॅनेलने टी-शर्ट मिळवण्याची सोपी युक्ती दाखवली आणि जगभरच्या प्रकल्पांवर निरर्थक सुधारणांचा मारा झाला. माहितीपत्रात एखादा शब्द वाढव, एखादे विशेषण जोड, एवढेच. प्रकल्प सांभाळणारे बहुतेक लोक हे काम फावल्या वेळात बिनपगारी करतात. त्यांचे तासन्‌तास हा कचरा उपसण्यात गेले. आयोजकांना काही दिवसांतच नियम बदलून, ज्या प्रकल्पांची स्पष्ट संमती आहे तेवढ्यांपुरता उपक्रम मर्यादित करावा लागला. २०२४ च्या सुरुवातीला ‘एक्सप्रेस’ या जावास्क्रिप्टच्या जगातल्या अतिशय प्रचलित प्रकल्पावर असाच प्रसंग आला. योगदान कसे करावे याचा धडा बघून शेकडो नवशिक्यांनी त्याच्या माहितीपत्रात आपापली नावे घालण्याचे प्रस्ताव पाठवले. धडा देणाऱ्याने कृती दाखवली होती; त्या कृतीच्या पलीकडे एक माणूस बसलेला आहे, आणि त्याला काय हवे आहे हे आधी विचारायचे असते, एवढे सांगायचे राहून गेले होते.

दुसरे उदाहरण पुण्यातलेच आहे. २०११ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने पुण्यातल्या काही महाविद्यालयांत एक प्रायोगिक शिक्षण उपक्रम राबवला. विद्यार्थ्यांनी अभ्यासाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायचे होते. हेतू उत्तम होता. विद्यार्थ्यांचे लेखन जगासमोर जाणार, खरे वाचक मिळणार, नावानिशी नोंद राहणार. घडले ते उलटेच. पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून उचललेला मजकूर मोठ्या प्रमाणावर चढवला गेला, तो काढून टाकण्यात स्वयंसेवक संपादक थकून गेले आणि उपक्रम त्याच वर्षी थांबवावा लागला. याचा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारणे सोपे आहे. पण एकाच वेळी शेकडो विद्यार्थी घेतले होते, मदतीला नेमलेल्या बऱ्याच जणांना विकिपीडियाचा अनुभव बेताचाच होता, काम गुणांसाठी करायचे होते, आणि आपल्या शालेय-महाविद्यालयीन व्यवस्थेत सबमिशन म्हणजे उतरवून काढणे हे वर्षानुवर्षे चालत आलेले आहे. काम चव्हाट्यावर आणले म्हणून त्याची प्रत वाढत नाही. शेजारी बसून पहिला खर्डा वाचणारा, हे चालणार नाही असे सांगणारा आणि दुसरा खर्डा मागणारा माणूस असल्याशिवाय सार्वजनिक काम ओळख देत नाही. उलट बदनामीची नोंद तेवढी मागे ठेवते.

असा माणूस जिथे आहे तिथे चित्र वेगळे दिसते. आयआयटी मुंबईतला ‘फॉसी’ हा प्रकल्प अभ्यासक्रमात मुक्त सॉफ्टवेअरचा वापर वाढवण्यासाठी चालतो. त्याच्या एका उपक्रमात विद्यार्थी प्रमाणित पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणे सायलॅब या मुक्त गणिती सॉफ्टवेअरमध्ये संगणकीय संहितेच्या रूपात मांडतो. आधी प्रस्ताव द्यावा लागतो, मग काम तपासले जाते, चुका दुरुस्त कराव्या लागतात, आणि स्वीकारले गेल्यावर मानधन मिळते व काम विद्यार्थ्याच्या नावावर सर्वांसाठी खुले होते. देशातल्या कुठल्याही महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला हे करता येते. पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाचा शिक्षण विभाग विद्यार्थ्यांकडून वार्तांकने घेतो. संपादकांच्या हातून गेलेला मजकूर विद्यार्थ्याच्या नावाने प्रसिद्ध होतो. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये आयआयटी मुंबईच्या सहकार्याने सुरू केलेल्या उन्नत महाराष्ट्र अभियानात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या जिल्ह्यातल्या पाणी, वाहतूक, ऊर्जा यांसारख्या प्रश्नांचा अभ्यास करून अहवाल द्यावेत अशी योजना आहे. ज्याने तालुक्यातली नळयोजना का बंद पडली याचा हिशेब मांडून तो ग्रामपंचायतीसमोर ठेवला, त्याला मुलाखतीत सांगायला एक खरी गोष्ट मिळते, आणि त्याच्या आकड्यांशी वाद घातलेला ग्रामसेवकही त्याचा साक्षीदार असतो. या तिन्ही ठिकाणी समोरच्याला काम परत पाठवता येते. नाकारण्याचा अधिकार असलेल्या माणसाच्या हातून पार पडलेले काम स्पेन्स यांची अट आपोआप पूर्ण करते, कारण कुवतीशिवाय ते पार पडत नाही.

आता संबंधांकडे वळतो, कारण ओळख शेवटी कुणाच्या तरी कानावर जावी लागते. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली मांडलेला सिद्धांत या विषयात अजूनही पायाभूत आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटन शहरातल्या नोकरदारांचा त्यांनी अभ्यास केला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम सतरा टक्के लोकांना ती वारंवार भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. बाकीच्यांना क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्यांकडून. जवळच्या मित्रांना आपल्याला असते तीच माहिती असते, दूरच्या ओळखीतून नवी माहिती येते, हे त्यामागचे कारण. २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासाने हे प्रयोगाने तपासले. लिंक्डइनवरच्या सुमारे २ कोटी सदस्यांना कुणाच्या ओळखी सुचवायच्या यात पाच वर्षांत केलेल्या बदलांचा परिणाम त्यात पाहिला गेला. दूरचे धागे नोकरीसाठी अधिक उपयोगी, पण मध्यम दूरचे सर्वांत उपयोगी. अगदी अनोळखी माणसाशी जुळलेला धागा तितका कामाचा नाही. शिवाय जिथे काम फारसे संगणकीय नाही अशा क्षेत्रांत जवळचे संबंधच सरस ठरले. या निष्कर्षाकडे आपल्याकडच्या सल्लागारांनी लक्ष द्यायला हवे. शेकडो अनोळखी व्यवस्थापकांना रेफरल मागणारे साचेबंद संदेश पाठवण्यापेक्षा, महाविद्यालयातून दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेला सीनियर, प्रोजेक्टच्या वेळी भेटलेला कारखान्यातला अभियंता, शिबिरात एकत्र राबलेली दुसऱ्या महाविद्यालयातली मुलगी हे धागे जास्त मोलाचे आहेत. साखर कारखाना, औषधनिर्मिती, बांधकाम, शेतीमाल प्रक्रिया अशा महाराष्ट्रात मोठ्या असलेल्या उद्योगांत जायचे असेल, तर प्रत्यक्ष परिचयाला पर्याय नाही असे हा अभ्यास वाचून मला वाटते.

पण धागे सगळ्यांना सारखे मिळालेले नसतात. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त एका प्रयोगाचे निष्कर्ष दिले. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना, पात्रता सारखीच पण नावे वेगळी असलेले जवळपास पाच हजार अर्ज पाठवले गेले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची संधी सुमारे दोन तृतीयांश होती आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला सुमारे एक तृतीयांश. त्याच वर्षी त्याच साप्ताहिकात सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांच्या एचआर व्यवस्थापकांच्या मुलाखतींवर लेख लिहिला. आम्ही केवळ गुणवत्ता पाहतो असे म्हणणारे हे व्यवस्थापक उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ आवर्जून विचारत होते, आणि त्यात त्यांना काही वावगेही वाटत नव्हते. महाराष्ट्रात आडनावावरून जात ओळखण्याची सवय किती खोल आहे हे इथल्या वाचकाला सांगायची गरज नाही. नाव, आडनाव, छायाचित्र, शाळा आणि गाव एका दृष्टिक्षेपात दाखवणारे प्रोफाइल या सवयीला आयते खाद्य पुरवते. मुलींच्या वाट्याला आणखी एक जोखीम येते: नोकरीसाठी उघडे ठेवलेले छायाचित्र आणि फोन क्रमांक भलत्यासलत्या संदेशांना वाट करून देतात. ‘स्वतःला मांडा’ हा सल्ला देताना त्याची किंमत कुणाला किती पडते, याचा हिशेब सल्लागाराने केलेला नसतो.

याच मुद्द्यावरून एक जोरदार आक्षेप येतो. मग परीक्षाच बरी, असे लोक म्हणतात. उत्तरपत्रिकेवर नाव नसते, बैठक क्रमांक असतो. परीक्षकाला आडनाव दिसत नाही. स्पर्धा परीक्षांवरचा महाराष्ट्रातल्या ग्रामीण तरुणांचा विश्वास याच पायावर उभा आहे आणि तो आंधळा नाही. ओळखीपाळखीच्या व्यवस्थेत ज्यांना दार बंद होते, त्यांना निनावी परीक्षेने आत घेतले. हा आक्षेप मला मान्य आहे, पण त्याची हद्दही दिसते. लोकसेवा आयोगाच्या जागा मोजक्या आहेत, उमेदवार लाखो. खासगी क्षेत्रातली बहुतांश कामे निनावी परीक्षेने दिली जात नाहीत, आणि कॅम्पसवरच्या लेखी चाचणीनंतरही मुलाखत असतेच. त्या मुलाखतीत जाताना ज्याच्या हातात तपासून घेतलेले काम आहे, त्याच्याबद्दलचा निर्णय आडनावावर आणि इंग्रजी बोलण्याच्या ढबीवर सोडणे समोरच्याला थोडे अवघड होते. थोडेच, भेदभाव कामाच्या नमुन्याने नाहीसा होतो असा दावा मी करणार नाही. पण वंशपरंपरेने साक्षीदार न मिळालेल्या विद्यार्थ्याला मिळवता येण्यासारखे साक्षीदार याच वाटेवर भेटतात.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा आहे. भरतीत रेझ्युमेवर नजर फिरते ती काही सेकंद. त्याआधी संगणकीय गाळणी असते. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि अ‍ॅक्सेंचर यांच्या २०२१ च्या अहवालात ८८ टक्के नियोक्त्यांनी मान्य केले की या गाळणीत पात्र उमेदवारही केवळ निकषांत नेमके बसत नाहीत म्हणून गळतात. अशा जगात साक्षीदारांच्या गोष्टी कुणी वाचणार नाही, योग्य शब्द आणि आकर्षक मांडणी हेच उपयोगाचे, असे हा आक्षेप म्हणतो. यातला एक भाग निर्विवाद खरा आहे. रेझ्युमे स्वच्छ, एका पानाचा, बिनचूक असावा. जाहिरातीत मागितलेले कौशल्य आपल्याकडे असेल तर ते त्याच शब्दांत लिहावे. हे एका आठवड्यात शिकता येते आणि महाविद्यालयाने ते प्रत्येकाला शिकवले पाहिजे. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून मांडणीची कारागिरी फुकट झाली आहे. कुणालाही मिनिटभरात सुबक अर्ज, प्रभावी पोस्ट आणि अस्खलित इंग्रजीतला परिचय लिहून मिळतो. ज्यांचे इंग्रजी कच्चे होते त्यांना याचा न्याय्य फायदा झाला, हे चांगलेच आहे. पण म्हणूनच सुबक परिचयावरून आता लिहिणाऱ्याविषयी काही कळत नाही, आणि भरती करणाऱ्यांनी पुन्हा रेफरलकडे, समोर बसवून करून घेतलेल्या कामाकडे आणि आधीच्या मार्गदर्शकाच्या शब्दाकडे वळणे अपरिहार्य आहे. मांडणी जितकी स्वस्त होईल तितकी साक्ष महाग होईल, आणि ज्यांच्याकडे ती नाही त्यांची कोंडी वाढेल.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो माझ्या म्हणण्याच्या मुळाशी जातो. आधी लायक व्हा, मग बोला, असे सांगितले तर भिडस्त मूल कधीच बोलणार नाही. व्यवस्थापनाच्या अभ्यासक हर्मिनिया इबारा यांनी १९९९ मध्ये सल्लागार आणि गुंतवणूक बँकेतले तरुण अधिकारी वरच्या जबाबदारीत जाताना काय करतात याचा अभ्यास केला. नवी व्यावसायिक ओळख आतून पिकून मग बाहेर येत नाही, असे त्यांना आढळले. लोक आजूबाजूचे नमुने पाहतात, तात्पुरती रूपे घालून बघतात, लोकांचा प्रतिसाद पाहून काही ठेवतात, काही टाकतात. ‘मी जसा आहे तसाच राहीन’ म्हणून अडून बसलेल्यांचे शिकणे उलट मंदावते. मराठी घरांत तर स्वतःविषयी बोलणे हा बडेजाव मानला जातो. शिकणाऱ्या पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्याला, विशेषतः विद्यार्थिनीला, गप्प राहण्याचेच वळण असते. या आक्षेपाला उत्तर देण्याऐवजी मी तो माझ्या मांडणीत सामावून घेतो. विद्यार्थ्याने बोलायलाच हवे, अर्धवट काम दाखवायला हवे, चुकायला हवे. प्रश्न श्रोते कोण, हा आहे. इबारा यांच्या अभ्यासातल्या तरुणांना रोज भेटणारे वरिष्ठ होते, त्यांच्या चेहऱ्यावरून काय जमले आणि काय फसले ते कळत होते. लिंक्डइनवरच्या पोस्टखाली ‘अभिनंदन’ लिहिणाऱ्या तीनशे लोकांकडून हे कळत नाही. वर्गातले सादरीकरण, विभागातली साप्ताहिक चर्चा, गाइडसमोरचा व्हायवा, गावातली बैठक ही तालमीची खरी ठिकाणे आहेत. तिथे रूप घालून पाहता येते आणि बिघडले तर मोडताही येते. इंटरनेटवर पहिल्या वर्षाचा आगाऊपणा चौथ्या वर्षापर्यंत चिकटून राहतो.

पैशाचा मुद्दा मात्र आक्षेप म्हणून न घेता अट म्हणूनच घ्यावा लागतो. बिनपगारी इंटर्नशिप मुंबई-पुण्यात घर असलेल्यालाच परवडते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेत रुजवलेली ‘कमवा आणि शिका’ ही पद्धत महाराष्ट्रात आजही अनेक महाविद्यालयांत चालते. पण तिथे मिळणारे काम बऱ्याचदा बागकाम, ग्रंथालयातली मांडामांड, कार्यालयातली कारकुनी एवढ्यावर थांबते. कष्टांना कमी लेखण्याचा यात हेतू नाही. पण संख्याशास्त्राच्या विद्यार्थिनीला त्याच तासांत विभागाच्या सर्वेक्षणाची आकडेमोड दिली, इलेक्ट्रिकलच्या विद्यार्थ्याला वसतिगृहाच्या वीजवापराची तपासणी दिली, तर तिला किंवा त्याला पैसेही मिळतील आणि साक्षीदारही. अलीकडच्या सरकारी योजनांनी पैशाची बाजू थोडी सावरली आहे. २०२४ मध्ये आलेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत सुरुवातीला २१ ते २४ वयाच्या तरुणांना मोठ्या कंपन्यांत दरमहा ५,००० रुपयांवर काम करण्याची सोय होती, आणि त्याच वर्षीच्या राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठरले होते. मात्र दोन्ही योजना आल्या तेव्हा पूर्ण वेळ शिक्षण संपवून बाहेर पडलेल्यांसाठी होत्या. शिकता शिकता ओळख घडवण्याचा खर्च अजून विद्यार्थ्याच्या घरावरच आहे.

महाविद्यालयांच्या हातात मात्र आज एक साधन आलेले आहे, आणि ते वाया चालले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२३ पासून राज्यातल्या पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कार्य प्रशिक्षण, म्हणजे ओजेटी, आणि क्षेत्र प्रकल्प यांना श्रेयांक मिळाले. ओजेटीचे चार श्रेयांक म्हणजे सुमारे १२० तासांचे काम. कला-वाणिज्य शाखेच्या, तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही कुणातरी त्रयस्थाच्या देखरेखीखाली काम करण्याची संधी अभ्यासक्रमातूनच मिळावी, ही मोठी गोष्ट आहे. मराठवाड्यातल्या महाविद्यालयातली वाणिज्य शाखेची मुलगी पतसंस्थेत, सीएच्या कार्यालयात किंवा शेतकरी उत्पादक कंपनीत १२० तास बसली, तर तिच्या आयुष्यातला पहिला व्यावसायिक साक्षीदार तिला तिथे भेटू शकतो. तिथला व्यवस्थापक घरी ओळखीचा नसतो आणि अगदी अनोळखीही राहत नाही. दूरच्या पण कामाच्या धाग्यांविषयी वर जे आले ते नेमके अशाच माणसाला लागू पडते. पण जिथे ओजेटी म्हणजे हजेरीचा तक्ता, शिक्का आणि ‘समाधानकारक’ हा एक शब्द एवढ्यावर उरकले जाते, तिथे १२० तासांतून आणखी एक कागद तेवढा तयार होतो. त्या कागदाचा नमुना विद्यापीठांनी बदलावा. विद्यार्थ्याने नेमके कोणते काम केले, त्यातले संस्थेने काय वापरले, कोणते परत करायला लावले आणि पुन्हा केल्यावर काय सुधारले, हे चार प्रश्न त्यात असावेत आणि उत्तरे देखरेख करणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत, मराठीत चालतील, लिहावीत. त्याचा हुद्दा खाली असावा, आणि पुढच्या नियोक्त्याने महाविद्यालयामार्फत विचारणा केली तर उत्तर देण्याची त्याची तयारी आहे का, हेही तिथेच विचारावे. ओजेटीवर नेमलेल्या प्राध्यापकाने वर्षातून दोनदा तरी त्या जागी जाऊन यावे, आणि त्या फेऱ्यांचे तास त्याच्या कार्यभारात धरले जावेत. हे शेवटचे कलम मान्य होत नाही तोवर बाकीची कलमे कागदावरच राहतील, कारण साठ विद्यार्थ्यांचा भार एकाच प्राध्यापकावर असताना कोण कुठे काय शिकले हे पाहायला त्याला सवड नसते.